तोंडओळख

नसरीन, आधी भांडून घेते. रडायचं नंतर बघू.

तू मला सांगितलं का नाहीस? दोन वर्षं होती की तुझ्याकडं. फोन होता, मी ईदला घरी आले होते, समोरासमोर बसून खिचडी-खट्टा खाल्ला आपण. एकदा तरी तोंड उघडायचंस. पण छे! परवा तुझ्या अम्मीनं चहा गाळता गाळता सहज सांगितलं, आणि मी कप हातात धरून नुसती बघत बसले. चहा गार झाला. त्यांनी विचारलं, "बेटा, साखर कम हुई क्या?" 

तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. पाच दिवसांच्या तापानं माणूस जातं का गं? मला कळलं तेव्हा मी ऑफिसात एका पोराचा इंटरव्ह्यू घेत होते. फोन उलटा ठेवला होता. तो सरळ केला तेव्हा तुला नेऊनसुद्धा झालं होतं. हैदराबादहून नांदेड ते काय लांब, गाडीत बसलं की आलंच, तरी मी तुझ्या मातीला पोचले नाही. आले ती महिन्यानं. माझं हे असंच. वेळेवर कधी आले मी?

एका गोष्टीत मात्र मी तुझ्या आधी असायचे, बोलण्यात. कॉलेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सगळ्या पोरी खटाखट टाइप करून राहिल्या होत्या आणि तू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. नजर खिडकीकडं. मला वाटलं, बिचारीला काहीच येईना झालंय. मी शिरूर अनंतपाळची, आमच्याकडं पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, म्हणून मोठ्या मनानं माझी स्क्रीन तुझ्याकडं वळवली आणि हळूच म्हटलं, "घे बघून." तू पाहिलंस, काही बोलली नाहीस. मग हात बाहेर काढलेस आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच दमात लिहून काढलंस. एकदाही मागं जाऊन खोडलं नाहीस. प्रोग्रॅम पहिल्याच झटक्यात चालला. उठता उठता मला म्हणालीस, "तुझ्या चौथ्या ओळीत चूक हाय." बास, एवढंच. मला असा राग आला होता तुझा! आणि चूक खरंच होती.

हे हात दाबायचं कोडं सुटलं तुझ्या इतवारा मोहल्ल्यातल्या घरी. अब्बा तेव्हा होते. लग्नाच्या उर्दू पत्रिका हातानं लिहायचे, कातिबच होते ते. पुढं पत्रिका कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या तरी जुनी गिऱ्हाइकं यायची. बोरूची कलम शाईत बुडवायच्या आधी ते कोऱ्या कागदाकडं इतका वेळ बघत राहायचे, की मला वाटलं यांना डुलकी लागली. मी हसले, तर तू कोपरानं ढोसलंस. ते मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "शिरूरवाली, शाई लागली की कागद आपला राहत नाही. म्हणून आधी इथं लिहायचं." आणि कपाळाला बोट लावलं. तू लहान असताना त्यांच्या शाईत बोटं घालायचीस, म्हणून ते तुला हात मांडीखाली ठेवून शेजारी बसवायचे. ती सवय तुला आयुष्यभर पुरली. तुझं नाव त्यांनी एका कागदावर लिहून चौकटीत लावलं होतं. तुझ्या टेबलाच्या उजव्या भिंतीवर. विचार करताना तुझी नजर तिकडंच जायची. कॉलेजात ती चौकट नव्हती, तिथं खिडकीवर भागवायचीस.

हे मला ठाऊक होतं, नसरीन. जगात तीन माणसांना ठाऊक होतं. अब्बा, अम्मी आणि मी. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढं मी जे केलं त्याला "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय नको.

शेवटच्या वर्षी लातूरला आसपासच्या सगळ्या कॉलेजांचा मिळून कॅम्पस इंटरव्ह्यू झाला, आठवतं? नांदेडहून पहाटेची एसटी धरून गेलो. लेखी परीक्षेत तू पहिली. मग गटचर्चा. दहा जणांना गोल बसवलं आणि विषय दिला. मी असली सुटले! काय बोलले ते मला आजही सांगता येणार नाही, पण सगळ्यांत जास्त बोलले. तू शेवटपर्यंत हात मांडीखाली. शेवटी साहेबानं विचारलं, "मॅडम, आपलं काही मत?" तू म्हणालीस, "अजून विचार करून राहिले." सगळे हसले. मीसुद्धा. माझं नाव यादीत आलं, तुझं नाही.

परत येताना अहमदपूरला बस थांबली. मिरची-भजी खाता खाता आपलं जे भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हटलं, "बये, मनातलं त्यांना कसं दिसावं? बोलत जा की विचार करताना." तू म्हणालीस, "घास तोंडात असताना कुणी गाणं म्हणतं का?" मी म्हटलं, "कंपनीत म्हणावं लागतं." तू म्हणालीस, "मग राहू दे कंपनी." आणि माझ्या द्रोणातली शेवटची भजी उचलून खाल्लीस. मी निवडली गेले होते ना, म्हणून तेवढा हक्क तुला होता.

मग मी हैदराबादला गेले, एका लहान कंपनीत, आणि चार वर्षांनी या मोठ्या कंपनीत. तू नांदेडलाच राहिलीस. अब्बांची नजर गेली होती, त्यांना सोडून जाणं तुला जमलं नाही. पॉलिटेक्निकला शिकवलंस, मग घरून कुठल्या कुठल्या लहान कंपन्यांची कामं केलीस. आणि माझं काम? तेही तूच की! अडले की दुपारच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून तुला फोन लावायचे. नाव नाही, गाव नाही, थेट म्हणायचे, "नसरीन, काय लिहू गं?" तू म्हणायचीस, "अडचण सांग." मी दहा मिनिटं पाल्हाळ लावायचे. मग तुझ्याकडून काहीच आवाज यायचा नाही. पहिल्या पहिल्यांदा मी "हॅलो, हॅलो" करायचे. नंतर शिकले. फोन कानाला लावून गप उभं राहायचं. जिन्यात लोक येत-जात राहायचे. आणि मग तू तीन वाक्यं बोलायचीस, आणि माझं काम झालेलं असायचं. वर जाऊन मी ते असं सांगायचे की जणू माझ्याच डोक्यातून निघालं.

अब्बा गेल्यावर तू एक दिवस आपणहून म्हणालीस, "सुनंदे, तुमच्याकडं जागा निघाल्या तर सांग. आता येऊ शकते." मला किती आनंद झाला होता! खरंच झाला होता, त्यात खोट नव्हती. मी तुझं नाव पुढं पाठवलं. आमच्याकडं शिफारस करताना एक प्रश्न असतो, उमेदवाराला तुम्ही किती ओळखता. तीन पर्याय: सोबत काम केलंय, चांगली ओळख, तोंडओळख. मी "चांगली ओळख" निवडलं. सोबत काम केलंय हेच जास्त खरं होतं, पण ते कबूल कोण करणार?

आठवडाभर तुझी तयारी घेतली. तेच जुनं भांडण. "बोल, नसरीन, बोल. समोरच्याला तुझी वाट दिसली पाहिजे." तू म्हणालीस, "हाव, हाव, बोलीन." आणि मला माहीत होतं की तू बोलणार नाहीस.

इंटरव्ह्यू तू घरूनच दिलास, टेबलापाशी बसून. दोनच दिवसांनी भरती विभागातल्या कृतिकाचा मला फोन आला. मी एका काचेच्या खोलीत जाऊन बसले. तिनं इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा शेरा वाचून दाखवला. उमेदवार बराच वेळ गप्प होती. हात दिसत नव्हते. नजर सारखी उजवीकडं जात होती. मग अचानक, एकही चूक न करता, पूर्ण उत्तर लिहिलं. दुसऱ्या पडद्यावरून वाचून लिहिल्याचा किंवा प्रश्न आधीच मिळाल्याचा संशय.

मी ऐकत होते आणि मला तुझी ती खोली दिसत होती. उजव्या भिंतीवरची चौकट. मांडीखालचे हात. एक वाक्य पुरलं असतं गं. "ती अशीच काम करते, मी पंधरा वर्षं बघतेय, तिला समोर बोलवा आणि नवीन प्रश्न द्या." एवढंच. माझ्यासारख्या बडबडीला ते काय जड होतं?

पण कृतिका पुढं म्हणाली, "शिफारस तुमची आहे, म्हणून विचारावं लागतंय. तुम्ही त्यांना किती ओळखता? प्रश्न तुमच्याकडून तर गेले नाहीत ना?"  त्याच महिन्यात माझ्या प्रमोशनचे कागद वर गेले होते, तुलाही मी ते सांगितलं होतं. अशा वेळी असल्या प्रकरणात नाव आलं, तर झालंच मग कल्याण. माझ्या तोंडून निघालं, "छे हो. फारशी नाही ओळखत. एकाच कॉलेजात होतो, एवढंच."

कृतिका म्हणाली, "हो, सकाळी त्यांना फोन केला होता. त्याही तेच म्हणाल्या. मग मी तोंडओळख असं बदलून घेते."

तुला सांगू, ते ऐकून मला काय वाटलं? मला राग आला. तुझा! मी तुला नाकारलं ते विसरले आणि तू मला नाकारलंस तेवढं धरून बसले. अस्सं का? पंधरा वर्षांची मैत्री, आणि ही म्हणते फारशी ओळख नाही? वर बरंही वाटलं. चला, फिटंफाट. एकटी मीच वाईट नाही. दोन वर्षं हे पांघरूण घेऊन मी गाढ झोपले, नसरीन.

कृतिकानं आणखी एक सांगितलं होतं. असा शेरा लागला की ते नाव कायमचं बाजूला पडतं. पुन्हा अर्ज केला तरी कुणी उघडून बघत नाही, आणि उमेदवाराला तसं कळवतही नाहीत. हे मला माहीत होतं. आणि मी तुला फोनवर काय सांगितलं? "थोडक्यात हुकलं गं. बोलली नाहीस ना. तेवढंच कमी पडलं." तुझ्यावर चोरीचा संशय आहे हे सांगितलं असतं, तर तू विचारलं असतंस, मग तू काय म्हणालीस? म्हणून सगळं तुझ्या गप्प बसण्यावर ढकललं. जुनं भांडण होतंच, त्यात सहज खपून गेलं.

पंधरा दिवसांनी तुझा मेसेज आला. "तुझं झालं का?" तीनच शब्द. मला तो टोमणा वाटला. प्रमोशन झालं होतं, पार्टीही झाली होती. मी एक अंगठा पाठवून दिला. पेढे नाही, फोन नाही, अंगठा! त्यानंतर आपले फोन कमी झाले. तुला वाटलं असेल, मोठी झाली, कामात असेल. मला अडायला व्हायचं, पण जिन्यात जाऊन तुझा नंबर लावायला हात धजायचा नाही.

पुढच्या वर्षी तू परत अर्ज केलास. मला विचारलंस, "काही कळलं का गं? उत्तरच न्हाई." मी म्हटलं, "जागा भरली असंल. बघू पुढच्या वेळी." एवढंही बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

आता अम्मीचं ऐक. तू नसताना त्या माझ्याशी किती बोलल्या! तू होतीस तेव्हा घरात बोलायचं काम माझ्याकडं आणि गप्प बसायचं तुझ्याकडं, त्यांना मधे संधीच नसायची. तुझ्या खोलीत मला बसवलं. चौकट तिथंच आहे. मी मनाशी ठरवून आले होते की आज सांगायचं, तुझ्या माघारी का होईना, अम्मीचे पाय धरून सांगायचं. तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "तुझं लई करायची ती. त्या फोनच्या दिवशीचं तर मला आजबी समजलं न्हाई."

"कुठला फोन, अम्मी?"

"तुझ्या कंपनीचा की. मी भाजी निवडत होते. फोनवर इंग्लिशमधे बोलली, पन तुझं नाव मला समजलं. ठेवल्यावर मी विचारलं, सुनंदाचं काय? तर म्हनली, वो लोगां पूछरे, सुनंदा कू तुम कित्ता पहचानते. मैं बोली, जास्ती नहीं. मी म्हटलं, अगे, झूट कायकू बोली? घर की बच्ची हाय ती. तर म्हनली, अम्मी, उसके बढ़ती का चलरा. दोस्ती मालूम पड़ी तो मेरे वजे से अटक जाएंगा. मेरा क्या, मैं फिर से देऊंगी."

फिर से देऊंगी.

मी तुझ्या चौकटीकडं बघत राहिले. तुझं ते "तुझं झालं का" मला तेव्हा समजलं. तू टोमणा मारला नव्हतास. तू माझी बढती झाली का ते विचारत होतीस. तू जे गमावलंस त्याच्या बदल्यात मला ते मिळालं तरी का, एवढंच तुला जाणून घ्यायचं होतं, आणि मी तुला साधं "हो" सुद्धा लिहिलं नाही.

अम्मी पुढं म्हणाल्या, आणि हे मला मरेपर्यंत पुरणार आहे. "त्याच्यानंतर बघ, ती बोलायला शिकून राहिली होती. इथं एकटीच बसून मोठ्यानं बोलायची. आता मी हे करते, आता मी ते करते. मी म्हनायची, किसके साथ बोलरी गे? तर हसायची. म्हनायची, सुनंदा सांगती ते बरोबर हाय, बोलावं लागतं. पन काम चुकायचं तिचं बोलताना. मग खोडायची, परत बोलायची."

तू खोडायला लागली होतीस, नसरीन! अब्बांच्या चौकटीखाली बसून, माझ्या एका खोट्यापायी. जो इंटरव्ह्यू तुला कधीच मिळणार नव्हता त्याच्यासाठी, वर्षभर. आणि मी हैदराबादला बसून नवीन पोरांचे इंटरव्ह्यू घेत होते. कुणी जरा गप्प बसलं की माझी बोटं शिवशिवायची. "उमेदवार विचार मांडत नाही." किती जणांना हा शेरा लावला, मोजला नाही कधी.

अम्मींना मी काही सांगितलं नाही. नाही झालं धाडस. त्यांनी निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, "येत जा. तू आलीस की तीच आल्यासारखं वाटतं." मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले, तेही चुकीच्या जागी.

परत आल्यावर एक केलं. कृतिका आता नाही, तिच्या जागी नवी मुलगी आहे, मी तिला कधी पाहिलेलंही नाही. काल दुपारी बसून तिला मेल लिहिला. या उमेदवाराची शिफारस माझी होती. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मी तिला लॅबमधल्या पहिल्या दिवसापासून ओळखत होते, तिच्या घरचं मीठ खाल्लंय. ती हात मांडीखाली ठेवून, भिंतीकडं बघत, पूर्ण उत्तर आधी डोक्यात लिहायची, कारण तिच्या वडिलांनी तिला तसंच शिकवलं. तिनं चोरी केली नाही. माझ्या पहिल्या वर्षांचं निम्मं काम तिच्या डोक्यातून निघालंय. शेरा काढून टाका, आणि माझ्यावर जी काय कारवाई करायची ती करा. एवढं सगळं लिहिलं. तू गेलीस, हे तेवढं लिहिलं नाही. ते वाक्य काही केल्या उतरेना.

आज सकाळी उत्तर आलं. पोरगी सज्जन दिसते. लिहिते, प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार. तुमच्यासंबंधीचा भाग वरिष्ठांकडं दिला आहे. उमेदवाराबद्दलचा शेरा मागं घेतला आहे, त्यांचा अर्ज आता पुन्हा उघडता येईल. त्या अजून इच्छुक आहेत का, आणि इंटरव्ह्यूसाठी त्यांना कोणता दिवस सोयीचा पडेल, तेवढं विचारून कळवाल का?

उत्तराची चौकट उघडून तासभर बसले आहे. नसरीन, काय लिहू गं?